तेविसाव्या मजल्यावर तापीचं पाणी

ईरा आणि अन्वय,

परवाच्या व्हिडिओ कॉलवर ईराने विचारलं, "आजी, तुझ्या मागच्या भिंतीवरचं चित्र कुणी पुसलंय?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नेट गेलं. पुन्हा फोन लागला तेव्हा तुमची झोपायची वेळ झाली होती. मी सगळी नोकरी शहाद्याच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात घालवली. मुलाने प्रश्न विचारला आणि उत्तराआधी घंटा झाली, तर दुसऱ्या दिवशी पहिलं काम तेच, हा माझा नियम. शिवाय ईराला वाढदिवसाला जलरंगांची पेटी मिळाल्याचं तुमच्या बाबाने सांगितलं. ती पेटी उघडण्याआधी हे तिला कळलेलं बरं.

चित्र पुसलेलंच आहे. कुणी आणि कशाने पुसलं हे सांगायचं तर आमच्या शाळेतल्या ड्रॉइंग सरांबद्दल सांगावं लागेल, आणि आम्ही दोघं सुरतेला गेलो त्या दिवसाबद्दल.

आधी एक सूचना. सर जन्मभर अहिराणी बोलले. वर्गात, स्टाफरूममध्ये, साहेबांसमोर, सगळीकडे. त्यांची वाक्यं मी तशीच ठेवते. 'शे' म्हणजे आहे, 'मन्हा' म्हणजे माझा, 'माईन' म्हणजे मधून. एवढ्यावर बरंचसं कळेल. अडलं तर बाबाला वाचायला लावा. मला येत नाही असं तो म्हणाला तर विश्वास ठेवू नका. लहानपणी तो गल्लीत अहिराणीतच भांडायचा.

सर उंच आणि वाळकुडे होते. इतर मास्तरांच्या शर्टाच्या खिशात पेन असायचं, यांच्या खिशात ब्रश असायचा, केसांची बाजू वर. कोणतीही गोष्ट नवी दिसली की हात सरळ पुढे करून, ब्रश उभा धरून, एक डोळा मिटून ते ती मोजत. मी शाळेत रुजू झाले त्या दिवशी व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून त्यांनी मला मोजलं आणि शिपायाला सांगितलं, "नव्या बाई पाऊण ब्रश शेत." मला इतका राग आला की मी मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन गेले. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, मी अर्धाच भरलो होतो. तुम्ही नशीबवान."

पुढे माझ्याकडे शाळेचं वेळापत्रक आलं आणि त्यांनी माझं नाव ठेवलं, टाइमटेबल बाई. ते शेवटपर्यंत टिकलं.

चित्रकलेच्या खोलीत एक फळी होती आणि तिच्यावर ओळीने बाटल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी: 'तापी, प्रकाशा'. 'गोमाई'. 'म्हसावद, विहीर'. 'धानोरा, हातपंप'. 'शाळेची टाकी'. ज्या जागेचं चित्र, त्या जागेचं पाणी, हा त्यांचा कायदा. म्हसावदच्या विहिरीचं पाणी जड, त्यात निळा रंग कणाकणाने खाली बसतो आणि उन्हाळ्याचं आभाळ आपोआप होतं, असं ते सांगत. आम्ही हसायचो. एकदा तपासणीला साहेब आले, उन्हातून आले होते, आणि समोर दिसली ती बाटली उचलून त्यांनी घटाघटा रिकामी केली. सर दारातच उभे होते.

"साहेब, ते पाणी नव्हतं. मन्हं आभाळ व्हतं. तुम्ही पी टाकं."

साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते मुख्याध्यापकांनी आम्हाला कधी वाचून दाखवलं नाही.

'छान' हा शब्द सरांच्या तोंडून मी ऐकला नाही. मुलाने चांगलं चित्र काढलं तर ते म्हणत, "कागद वाया नही गया." एवढंच. पण तेवढ्यासाठी पोरं आठवडाभर राबत.

आणखी एक सवय. वर्गात फिरताना त्यांचे दोन्ही हात पाठीमागे असत, एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं. दुरुस्ती सांगायची तर तोंडाने सांगत, नाहीतर फळ्यावर काढून दाखवत. मुलाच्या कागदाला बोट लावत नसत. मला वाटायचं ही त्यांची शिस्त. फार वर्षांनी, दोघंही निवृत्त झाल्यावर, एका सकाळी आमच्या ओट्यावर मला कळलं की ती शिक्षा होती आणि त्यांनी ती स्वतःला दिली होती.

त्या सकाळी मी फोनवर शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप बघत होते. सर नेहमीप्रमाणे चहाला आलेले. त्यांचा फोन बटणांचा, म्हणून ग्रुपवरचं मी त्यांना वाचून दाखवायची. त्यात एक निमंत्रण होतं. सुरतेत जलरंगांचं प्रदर्शन, एका टोलेजंग इमारतीच्या तेविसाव्या मजल्यावर, फक्त आठ दिवस. चित्रकार, रमिला. खाली एका चित्राचा फोटो: वर डोंगरांची टोकं, खाली थोडी झाडं, आणि मधला सगळा भाग नुसता पांढरा.

मी फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी बशी खाली ठेवली. चहा बशीतच राहिला.

"बाई," ते म्हणाले, "टाइमटेबल बनाडा. सुरत जानं शे."

मग त्यांनी सांगितलं.

रमिला धडगावकडच्या डोंगरातली, पावरा आदिवासी घरातली. शहाद्याला वसतिगृहात राहून शिकायची. बोलायची कमी. चित्रकलेच्या परीक्षेच्या सरावात 'माझे गाव' असा विषय दिला होता. तिने वर डोंगरांची टोकं काढली, खाली झाडं काढली आणि मधे काहीच नाही. कोरा कागद. सरांनी विचारलं, "मधे भगदाड कसाले सोडं?" तिने ब्रश पाण्यात बुडवला. वेळ थोडा होता, परीक्षा जवळ आली होती, मुलगी हुशार होती. सरांनी तिच्या हातातला ब्रश घेतला, त्यात हिरवा भरला आणि ते भगदाड स्वतः रंगवून टाकलं. कडेपर्यंत, व्यवस्थित.

तिने कागदाकडे बघितलं, तो बाकावरच ठेवला आणि निघून गेली. चित्रकलेच्या तासाला ती परत आली नाही. दहावीच्या आधी शाळाही सुटली.

पुढच्या वर्षी निवडणुकीत सरांना डोंगरातलं केंद्र मिळालं. आम्हा मास्तर लोकांना त्या ड्यूट्या चुकत नाहीत. सकाळी शाळेच्या पडवीतून ते बाहेर आले आणि पायाखाली दरीच नव्हती. ढग खाली बसला होता, गावाच्या खाली, दूध सांडल्यासारखा. वर नुसती डोंगरांची टोकं. ते रमिलाचंच गाव होतं. तिने भगदाड सोडलं नव्हतं. रोज सकाळी दिसायचं ते काढलं होतं.

मी त्यांची समजूत घालायला गेले. म्हणाले, "सर, मी नाही का मुलांच्या निबंधात लाल शाईने दुरुस्त्या करत? तुम्ही हिरव्याने केली."

"बाई, तुमनी लाल शाई बाजूले ऱ्हास. पोरनं वाक्य खाले वाचता येस." त्यांनी खिशातला ब्रश काढून ओट्यावर आडवा ठेवला. "जलरंगमा पांढरा रंग पेटीमाईन नही येस, कागदमाईन येस. मी तिना कागदच बुजी टाका. मन्हामुये ती पोरनं चित्र सुटनं का, इतलंच माले तिले इचारनं शे."

म्हणजे त्या मुलीचं चित्र आपल्यामुळे सुटलं का, हे विचारायला जायचं होतं. सुरतेला, तेवीस मजले चढून.

मी वही काढली. शहाद्याहून नंदुरबार, नंदुरबारहून सकाळची गाडी, सुरतेत दुपारी बारा ते चार, संध्याकाळच्या गाडीने परत. डबा: ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, चार केळी. मला खरं सांगायचं तर आदल्या रात्री झोप आली नाही. निवृत्तीनंतर मी लग्न, बारसं आणि दवाखाना सोडून कुठे गेलेच नव्हते, आणि इथे मी चित्रं बघायला निघाले होते! तुमचे आजोबा मोटारीने नंदुरबार स्टेशनवर सोडायला आले. मी विचारलं, "लोक काही म्हणतील का हो?" ते म्हणाले, "म्हणू दे. तुम्हा दोघांना कुणी पळवून नेलं तर चार वाजेपर्यंत परत आणून सोडेल."

सर स्टेशनवर आधीच हजर. धुतलेला शर्ट, हातात कॅलेंडरची पुठ्ठ्याची नळी आणि खांद्याच्या पिशवीत एक बाटली. 'तापी, प्रकाशा'. आदल्या दिवशी स्वतः बसने जाऊन भरून आणली होती.

"सुरतेला पाणी मिळतं, सर."

"तठेनी तापी आपलीच शे. पन प्रकाशानं पाणी पहिलं, सुरतनं मांगतीन." म्हणजे प्रकाशाचं पाणी आधीचं, सुरतेला ते मागून पोचतं. तापी आमच्याकडूनच सुरतेला जाते, हे त्यांचं म्हणणं भूगोलाला धरूनच होतं.

नवापूर स्टेशनवर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. गाडी थांबली आणि सर उतरून त्याच्यावर जाऊन बसले, बरोबर मधल्या रेषेवर. मी खिडकीतून ओरडतेय, गार्डने हिरवा झेंडा काढलाय, आणि हे हात पुढे करून गाडी मोजतायत! एका पोऱ्याने त्यांना हाताला धरून डब्यात चढवलं. वर येऊन ते म्हणाले, "दोन राज्यमा एकदम बठनू." तोवर ते हसत होते. नवापूरच्या पुढे बोलणं थांबलं. ओठ नुसते हलत होते. रमिलाला काय बोलायचं त्याची उजळणी चालली होती, आमच्या पोरांसारखी, पेपरच्या दिवशी.

इमारत रिक्षातूनच दिसली. काचेची, तापीच्या काठी, मान पाठीला टेकेल इतकी उंच. सरांनी रिक्षा लांबच थांबवली, रस्त्याच्या कडेला उभं राहून डोळा मिटला.

"दीड ब्रश," ते म्हणाले. "दूरतीन देखं ते तेवीस मजला बी दीड ब्रशच शेत. मन्हा घर मांगला निंब इतलाच शे, बाई." ते मला धीर देत होते की स्वतःला, मी विचारलं नाही. मलाही तो हवाच होता.

दारात पिशव्या तपासायचं यंत्र होतं. मुठीएवढ्या मिशांचा एक पहारेकरी. त्याने बाटली वर काढली.

"काका, आ शुं छे?"

"पाणी."

"पाणी अंदर मळी जशे. अहीं मूकी दो."

आत पाणी मिळेल, ही इथेच ठेवा, असं तो म्हणत होता. तेवढ्यावर सोडायचं सोडून सर म्हणाले, "हाई पेवानं पाणी नही!"

आता अहिराणी आणि गुजराती सख्ख्या बहिणी. त्याला नेमकं तेवढं वाक्य कळलं. "पीवानुं नथी? तो शुं छे एमां?" त्याने बाटली उजेडात धरली. तळाला थोडी वाळू होती. दुसरा पहारेकरी आला, मग साहेब आला. मी पुढे झाले आणि माझं सगळं इंग्रजी बाहेर काढलं: हे एक ज्येष्ठ कलाशिक्षक आहेत, हे नदीचं पाणी आहे, कलेसाठी आहे. साहेबाने आदराने ऐकून घेतलं आणि हिंदीत म्हणाला, "माताजी, एक घूंट पी के दिखा दीजिए, फिर ले जाइए."

सर बाटलीला हात लावेनात. "कमी पडी ते?" एवढंच म्हणत राहिले.

तुमच्या आईला माहीत आहे, मी उकळून, गाळून, गार करून पाणी पिते. मुंजीत, लग्नात, कुठेही माझी बाटली माझ्याबरोबर असते. मी ती 'तापी, प्रकाशा' उघडली आणि दोन मोठे घोट घेतले. दाताखाली वाळू कचकचली.

"कितलं पिनात?" सरांनी घाबरून विचारलं.

"मोजायला तुमचा ब्रश आहे ना?" मी म्हणाले. पहारेकरी मोठ्याने हसला आणि त्याने आम्हाला आत सोडलं.

लिफ्टमध्ये सर डोळे मिटून उभे होते, नळी छातीशी धरून. माझे कान गच्च झाले. दार उघडलं आणि समोर, ईरा, भिंतभर काच होती आणि काचेखाली तापी! इतकी रुंद, इतकी चमकणारी, पुलांवरून मुंग्यांसारख्या गाड्या. मी काही क्षण चित्रं बघायला आले आहे हेच विसरले. वळून बघितलं तर सर नदीकडे पाठ करून उभे होते.

ते चित्रासमोर होते. फोटोतलंच, पण दाराएवढं मोठं. डोंगरांची टोकं बोटभर रंगात आणि मधे तो पांढरा. फोटोत रिकामा वाटला होता. इथे तो हलत होता. थांबलं तर त्यात खालची झाडं दिसतील असं वाटायचं. सरांचे हात पाठीमागे होते, एकाने दुसऱ्याचं मनगट धरलेलं.

"सर?"

हाक रमिलाची होती. खिडकीशी एका टेबलावर ती लोकांना रंग कसा लावतात ते दाखवत होती. ब्रश तसाच हातात घेऊन आली. चाळिशीची, सुती साडी, केसांत पांढरे धागे. ती पाया पडायला वाकली आणि सर दोन पावलं मागे सरले.

"थांब. पहिले मन्हं आयक."

पण गाडीत पाठ केलेलं काही येईना. त्यांनी नळीचं झाकण काढलं, कागद बाहेर ओढला आणि तिच्या टेबलावर पसरला. कडा पिवळ्या पडलेल्या. वर शाळकरी हाताचे डोंगर, खाली झाडं, मधे हिरवा. कडेपर्यंत, व्यवस्थित.

"हाऊ तुन्हा कागद," ते म्हणाले. "मी बिघाडा."

रमिलाने ब्रश खाली ठेवला. गुंडाळी होऊ पाहणारा कागद तिने तळहातांनी सपाट धरला. आसपासचे लोक सरकून जवळ आले.

"हाऊ आजून शे तुमनाकडे?"

"तू चित्र सोडं ते मन्हामुये का?"

मला वाटलं ती नाही म्हणेल. कोणीही म्हणालं असतं. समोर म्हातारे सर, इतक्या लांबून आलेले.

"हा," ती म्हणाली. "चित्र तुमनामुये सोडं. शाळा माय आजारी पडनी म्हनीसन सोडी. माले तुमना भलता राग येल व्हता, सर. दोन वर्सं मी हिरवा रंग हातमा धरा नही."

सरांनी मान हलवली. हे ऐकायलाच आल्यासारखी, एकदाच.

मग ती माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "बाई, लग्न होऊन मी सुरतेत आले, साड्यांची डिझाइनं काढायला लागले. तिथे मी मधे जागा सोडली की मालक ओरडायचा, कापड कोरं का ठेवलं? तेव्हा कळलं. रिकाम्या जागेला सगळेच घाबरतात. सर एकटे नव्हते." आणि सरांना म्हणाली, "चांगलं पाणी शे का? मन्हं गढूळ व्हयी गयं."

सरांनी पिशवीतून बाटली काढली. चिठ्ठी वाचून ती खळखळून हसली. "आजून बाटल्या!"

तिने वाटीत पाणी ओतलं, रुंद मऊ ब्रश भिजवला आणि त्या हिरव्यावर फिरवला. हळू, न घासता. थांबली. वरून कापडाने टिपलं. कापडावर हिरवं आलं. पुन्हा पाणी, पुन्हा थांबणं, पुन्हा कापड.

"इतला वरीसना रंग, आते काय निघी?" सर पुटपुटले.

"निघी तितला निघी."

"तू स्वतः करी ऱ्हायनी म्हनीसन बरं. मी हात लावता नही."

वाटी हिरवी झाली. कागदाच्या मधोमध उजेड येऊ लागला. तो पांढरा नव्हता. रंग इतकी वर्षं मुरला होता, तो सगळा निघणार नव्हताच. एक फिकट हिरवी छटा मागे राहिली, सगळीकडे सारखी नाही, कुठे जास्त, कुठे कमी. ढग विरायला लागल्यावर त्याच्या आतून दरी दिसायला लागते, तशी. रमिलाने ब्रश उचलला आणि मागे झाली.

सरांनी सवयीने हात पुढे केला, ब्रश उभा धरला, डोळा मिटला. डोळा उघडून त्यांनी पुन्हा मिटला.

"किती भरलं, सर?" मी विचारलं.

"मोजाई नही ऱ्हायनं, बाई."

रमिला कागदाकडे बघत म्हणाली, "सर, कागद वाया नही गया."

त्यानंतर ती पाया पडली आणि या वेळी ते मागे सरले नाहीत. कागद तिने त्यांनाच दिला. म्हणाली, डोंगर माझे आहेत, मधला डाग तुमचा आहे, तुमच्याकडेच राहू द्या. मग आम्ही तिघांनी काचेजवळ बसून कळण्याची भाकरी खाल्ली, तापीच्या वर, तेविसाव्या मजल्यावर! प्रदर्शनातले लोक आमची चटणी मागून नेत होते. सर अखंड बोलत होते, साहेबांनी आभाळ प्यायल्यापासून सगळं. रमिलाला त्यातलं निम्मं पाठ होतं.

खाली उतरल्यावर पहारेकऱ्याने विचारलं, "काका, पाणी काम आव्युं?"

सरांनी बाटली उंच धरून दाखवली. अर्ध्याच्या खाली गेली होती.

नंदुरबार स्टेशनच्या फलाटावर तुमचे आजोबा वाट बघत होते. ते मला म्हणाले, "सरांना काय झालं? वेगळेच चालतायत." मी बघितलं. सर पुढे चालले होते आणि त्यांचे दोन्ही हात मोकळे होते, लहान पोरासारखे पुढेमागे हलत होते.

पुढे ते बरीच वर्षं जगले असते तर मला आवडलं असतं. दोन वर्षं जगले. त्या दोन वर्षांत गल्लीतली मुलं त्यांच्या ओट्यावर चित्रं काढायला यायची आणि सर त्यांच्या शेजारी मांडी घालून बसायचे. कागदाला हात तरीही लावत नसत. ते गेल्यावर त्यांच्या पुतण्याने नळी आणि बाटली मला आणून दिली. कागदाच्या मागे पेन्सिलीने लिहिलं होतं, 'टाइमटेबल बाईसले'. मी रमिलाला फोन करून विचारलं, तुला हवं आहे का? ती म्हणाली, "तुमच्या भिंतीवर लावा, बाई. मुलं विचारतील."

ईराने विचारलं.

चित्र बैठकीच्या भिंतीवर आहे, ऊन येत नाही त्या बाजूला. बाटली स्वयंपाकघराच्या फडताळात, वरच्या कप्प्यात आहे. चिठ्ठीवरची शाई थोडी फिकटली आहे, पण 'तापी, प्रकाशा' हे अक्षर वाचता येतं. आत अजून चार बोटं पाणी आहे.